एक खोली जास्त

चिटणीसबाईंच्या प्रत्येक लुगड्याचा पदर एका कोपऱ्याला निळा असे. लुगडं हिरवं असो की कुसुंबी, तो कोपरा निळाच. आमच्या महिला मंडळातल्या बहुतेक बायकांना सही करता येत नव्हती. अनुदानाचा कागद आला की बाई शाईचा पॅड उघडत, एकेकीचा अंगठा आपल्या हातात घेत, कागदावर टेकवत आणि लगेच स्वतःच्या पदरानं पुसून देत. मी एकदा त्यांना फडकं आणून दिलं. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. "निळा अंगठा घेऊन बाई घरी गेली, तं नवरा इच्यारते, काय लिहून देऊन आली? अन् ते सांगू शकत नाही, कारन तिलेच माहीत नसते. मंग मार खाते. त्यापेक्षा माह्या लुगड्याले डाग पडला तं पडला," असं म्हणत त्यांनी पुढचा अंगठा हातात घेतला.

आमचं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर, आणि बंजाऱ्यांचा तांडा गावापासून नाल्यापलीकडे. महिला मंडळात दोन्हीकडच्या बायका होत्या. मी सातवी पास होऊन सतराव्या वर्षी मंडळाच्या बालवाडीत सेविका म्हणून लागले, तेव्हा बाई तिशीच्या आत-बाहेर होत्या. त्याही सातवी झालेल्या. सासरहून सतराव्या वर्षी ज्या परत आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत, का गेल्या नाहीत ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि गावानंही काही दिवस कुजबुजून मग सोडून दिलं. भावाच्या घरी राहत. साऱ्या गावात लिहिता-वाचता येणाऱ्या बायका दोनच, त्या आणि मी. त्यामुळे त्या चिटणीस झाल्या त्यात निवडणूक वगैरे काही भानगड नव्हती. त्यांचा भाऊसुद्धा पुढं पुढं त्यांना चिटणीसबाईच म्हणायला लागला.

बाईंना नर्स व्हायचं होतं. यवतमाळला सरकारी दवाखान्यात सुईणीचं आणि नर्सचं शिक्षण मिळे. राहायला जागा, वर विद्यावेतन, आणि पास झालं की कुठंतरी नोकरी. पण वयाची अट होती, पस्तिशीच्या आत. समाजसेवा करायची म्हणून त्यांना जायचं होतं असं मी लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. त्यांनी मला खरं कारण सांगितलं होतं. "मले एक खोली पाह्यजे वं. तिले माह्या हातानं कुलूप लावाचं, माह्या हातानं उघडाचं. भाऊ चांगला हाये, भावजय वाईट नाही. पन तीस वर्साची झाली, आजवर एका दारालेही आतून कडी नाही लावली मी." हे सांगताना त्या तांदूळ निवडत होत्या, आणि सांगून झाल्यावर निवडतच राहिल्या.

अनुदान या वस्तूबद्दल त्यांचं एक पक्कं मत होतं. "सरकार देते सासूवानी. पह्यले देते, अन् मंग इच्यारते, खाल्लं किती अन् सांडलं किती." आणि सासू द्यायची तीही मार्च महिन्यात. वर्षभर अर्ज करा, हेलपाटे घाला, काही नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम मंजुरी यायची आणि एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवायचा. एका मार्चात आम्ही मागितली होती बालवाडीसाठी सतरंजी. मिळालं क्रीडासाहित्य. दोन व्हॉलीबॉल आणि एक भलीमोठी जाळी. चेंडू पोरांनी महिनाभरात फोडले. जाळी चांगली होती, ती आमच्या बायकांनी वाळत घातलेल्या मिरच्यांवर अंथरली. पुढं एक साहेब तपासणीला आले. त्यांनी जाळी पाहिली, खालच्या मिरच्या पाहिल्या, आणि विचारलं, "बाई, खेळ चालतो का?" बाई म्हणाल्या, "रोज चालते साहेब. कोंबड्याइकडून एक पार्टी, आमच्याइकडून एक." साहेब हसले आणि 'उपयोगात आहे' असं लिहून गेले. असे साहेब फार थोडे आले.

मग इमारतीचं अनुदान आलं. बालवाडी तोवर मारुतीच्या पारावर भरे. मंजुरी होती एका खोलीची. अर्धा खर्च सरकारचा, अर्धा गावाचा, आणि गावानं आपला वाटा श्रमदानानं दिला तरी चालेल. अट एकच. चिटणीसानं मुद्रांकावर हमीपत्र लिहून द्यायचं, की इमारत पुरी होऊन तिचा दाखला मिळेपर्यंत मी चिटणीसपद सोडणार नाही, सोडलं तर उचललेलं अनुदान परत करीन. बाईंच्या नावावर काडी नव्हती, म्हणून भावानं आपलं वावर जामीन लिहून दिलं. "चार महिन्याची तं गोष्ट हाये," बाई म्हणाल्या. "दिवाळीले सुरू करू, होळीच्या आत दाखला. पावसाळ्यात मी यवतमाळले." नवीन काळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात त्यांनी सही केली. मी शेजारी उभी होते. मला त्यांचा हेवा वाटला होता.

पंचायतीच्या सभेत गावच्या पाटलानं गावाच्या वतीनं श्रमदानाचा शब्द दिला, तसा तांड्याच्या नायकानं तांड्याच्या वतीनं दिला. पण तो हंगाम कापूसवेचणीचा. तांड्यावरच्या बायका मारेगावकडे वेचणीला गेल्या त्या संक्रांत झाल्यावर परतल्या. तोवर गावच्या बायकांनी माती कालवून, दगड वाहून खोली उभीही केली होती, वर छपराचे कवेलूही चढले होते. तांड्याच्या बायका आल्या, खोलीभोवती फिरल्या, आणि गप्प झाल्या. मी मनात म्हटलं, खूश झाल्या असतील, काम वाचलं. दुसऱ्या दिवशी नायकण, म्हणजे नायकाची बायको, बाईंकडे आली. तिचा चेहरा उतरलेला. "बाई, आमचा हात कोनता यात? नायकानं पंचायतीत शबद देला. शबद देला अन् काम नाही केलं, तं तांड्याची इज्जत गेली." बाईंनी तिला समजावलं, की काम झालं, आता शब्द संपला. नायकण म्हणाली, "तुमचा संपला. आमचा कसा संपला?" आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीस बायका डोक्यावर दगड घेऊन नाल्यातून वर आल्या. रंगीत घागऱ्यांची ती रांग मला अजून दिसते. अकरा दिवसांत त्यांनी पहिल्या खोलीला लागून दुसरी खोली बांधली. पहिल्या खोलीपेक्षा सरस. भिंतीत आरशांचे तुकडे बसवलेले, उंबरठ्याला दगड. गावाला दोन खोल्या मिळाल्या म्हणून आम्ही गूळ वाटला.

ओव्हरसियर टेप घेऊन आले. त्यांनी नकाशा उघडला, इमारत मोजली, पुन्हा नकाशा पाहिला. "बाई, मंजुरी एका खोलीची आहे."

"हो साहेब."

"इथं दोन आहेत."

"एक जास्त हाये. कमी तं नाही?"

"कमी असती तर बरं झालं असतं. कमी असली की कापून घेता येतं. जास्तीला कॉलमच नाही माझ्याकडे. या दुसऱ्या खोलीला पैसा कुठून आला?"

"पैसा नाही आला साहेब. बाया आल्या."

ओव्हरसियर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा घेतला, आरशांचे तुकडे बघून 'छान' म्हणाले, आणि दाखला न देता गेले. इमारत नकाशाबरहुकूम नाही असा शेरा त्यांना लिहावा लागला. सुधारित नकाशाची मंजुरी आणा, मग दाखला.

"कागदाले पाय नसतात, म्हनून आपल्याले चालावं लागते," असं बाई म्हणत आणि चालत. सुधारित नकाशा काढून घ्यायला त्या घाटंजीला गेल्या, तिथून यवतमाळला. छप्पन साली आम्ही नागपूरचे सुटून मुंबईचे झालो होतो. आधीचे कागद नागपूरकडे, त्यांतले अर्धे हिंदीत. मंजुरी मुंबईच्या नमुन्यात हवी. तो नमुना भरला तोवर साठ साल उजाडलं, राज्य पुन्हा नवं झालं. मग जिल्हा परिषद आली, पंचायत समिती आली, आणि आमची फाईल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघाली ती वाटेतच कुठंतरी बसली. आम्ही गावातच होतो. फक्त आमचं सरकार दर दोन वर्षांनी घर बदलत होतं, आणि दर वेळी बाईंना नव्या घराचा पत्ता शोधत जावं लागे.

घाटंजीला काम झालं की त्या मोटार-स्टँडवर जात. यवतमाळची गाडी लागलेली असे. बाई तिच्यात चढत, खिडकीजवळ बसत, आणि कंडक्टरनं घंटी मारली की उतरत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणासाठी जागा धरत असतील. कंडक्टर ओळखीचा झाला होता, तो उगाच चिडवायचा, "बाई, आज तरी तिकीट फाडू का?" बाई म्हणत, "फाडजो बापू, फाडजो. येवढा दाखला येऊ दे." दर वर्षी उन्हाळा सरता सरता नर्सच्या शिक्षणाचा अर्जही त्या भरून ठेवत. त्याला विकास गटाची ना-हरकत लागे. ती मिळत नसे. अर्ज पेटीत जाई, दुसऱ्या वर्षी नवा भरत. वयाचा रकाना तेवढा दर वर्षी बदलावा लागे.

तिसऱ्या वर्षी एक नवे बीडीओ आले. त्यांनी फाईल वाचली, आणि बाईंना माझ्यादेखत सांगितलं, "हे पाहा, सुटकेच्या दोन वाटा आहेत. एक, जादा खोली पाडा, ओव्हरसियर त्याच दिवशी दाखला देईल. दुसरी, लिहिता-वाचता येणारी दुसरी सभासद बाई हे हमीपत्र आपल्या नावावर घेऊ दे. तुम्ही मोकळ्या. मात्र पगारी सेविका चिटणीस होऊ शकत नाही, तिला आधी राजीनामा द्यावा लागेल." हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले. टेबलावरचा पेपरवेट मी खूप वेळ पाहत होते. हिरव्या काचेचा होता.

माझे वडील शिवणकाम करत, घर त्यावर चालत होतं. माझं बालवाडीचं मानधन आई एका डब्यात साठवत होती, माझ्या लग्नासाठी. वाटेनं परत येताना मला वाटत होतं, आता बाई विचारतील. नाला आला, आता विचारतील. चिंच आली, आता. मी उत्तरही तयार केलं होतं: आईला विचारून सांगते. मनातलं उत्तर त्याहून लहान होतं. 'नाही.' बाईंनी विचारलंच नाही. त्या सबंध वाटभर कुणाच्या तरी गाभण म्हशीबद्दल बोलत होत्या. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून त्यांचाच राग आला. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी कारण नसताना तुटक बोलत होते. माणूस ज्याचा अपराधी असतो त्याच्यावरच फुरंगटून बसतो, हे मी स्वतःवरून सांगते.

खोली पाडायचं बाईंच्या मनातही येत नसे. त्या खोलीत एव्हाना खूप काही होऊ लागलं होतं. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या म्हाताऱ्या तिथं टेकत. दुधाची भुकटी तिथं कालवली जाई. आणि सरकारी नर्स गावापर्यंतच येई, नाला ओलांडत नसे, म्हणून तांड्यावरच्या अवघडलेल्या बायका त्या खोलीत येऊन बाळंत होऊ लागल्या. बाई मदतीला असत. नर्सचं बघून बघून त्या पुष्कळ शिकल्या होत्या. तांड्यावरची पोरं त्यांना याडी म्हणत, म्हणजे आई. "शिकाचं होतं ते अर्धं इथंच शिकली," त्या एकदा हसून म्हणाल्या. "कुलूप तेवढं राह्यलं."

मग शेवटचं वर्ष आलं. त्या पावसाळ्यानंतर बाई पस्तिशी ओलांडणार होत्या. अर्ज पोचायची तारीख आठ दिवसांवर आली होती. हे नायकणीला कुणी सांगितलं कोण जाणे, मी नव्हतं सांगितलं. एके सकाळी बालवाडी भरायच्या आधीच नायकण आली, मागं पंधरा-वीस बायका, खांद्यावर सब्बल आणि कुदळी. "बाई, ओव्हरसियरले बलाव. आमी खोली पाडतो."

"काहून वं?"

"नायक म्हने, आमी आमचा शबद पाळाले खोली बांधली. अन् तिच्यापायी बाई सहा वर्स कोंडून हाये. असा शबद काय कामाचा? त्यानं पंचायतीत शबद वापस घेतला." नायकणीच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या खोलीतला प्रत्येक आरसा तिनं स्वतः बसवला होता.

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. एखाद्या पोरीसारख्या दिसल्या त्या. मग त्यांनी वळून दुसऱ्या खोलीचं दार ढकललं. आत तांड्यावरची एक सून बाजेवर निजली होती. आदल्याच दिवशी, फार त्रासानंतर, ती तिथं बाळंत झाली होती. अंगात ताप होता, नर्सनं तिला हलवू नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या आवाजानं ती जागी झाली आणि कुदळी पाहून घाबरून पोराला जवळ ओढू लागली.

"काही नाही वं माय, नीज," बाई म्हणाल्या. त्यांनी दार अलगद लावलं. नायकणीला म्हणाल्या, "हे उठल्यावर पाहू."

"तारीख जाईन बाई."

"तारीख जाईन. पन हिच्या डोक्यावरचं कवेलू कोन उतरवते? तू उतरवते? मी तं नाही उतरवत."

बायकांनी सब्बली खाली ठेवल्या. माझी पोरं यायला लागली होती, मी बालवाडी भरवली. बाई पलीकडे चूल पेटवून बाळंतिणीसाठी पाणी तापवत बसल्या. मला भिंतीपलीकडून फुंकणीचा आवाज येत होता आणि मी पोरांना अंक शिकवत होते. त्या क्षणीही माझ्या हातात एक वाट होती. आठ दिवस होते. राजीनाम्याला अर्धा कागद लागतो. मी पोरांना पंचवीसपर्यंत शिकवलं.

ती सून बरी होऊन महिन्याभरानं तांड्यावर गेली. तारीख गेली होती. पाडायचं कारणच उरलं नाही, म्हणून खोली राहिली. बाईंनी पेटीतला त्या वर्षीचा भरलेला अर्ज काढला, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर बालवाडीच्या भुकटीचा हिशोब लिहिला. कागद वाया घालवायचा नाही, ही त्यांची सवय होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस माझं लग्न ठरलं, उमरखेडचं, दुकानदाराचं घर. मी राजीनामा दिला. दोन ओळींचा होता, कुणी कारणही विचारलं नाही. जे मानधन बाईंसाठी सोडायला मला तीन वर्षं जमलं नव्हतं, ते नवऱ्यासाठी एका सकाळी सोडलं. माझ्या संसारातली पितळेची भांडी त्या डब्यातल्या पैशांची. उमरखेडला मला पुढं एकदा पत्र आलं, की बाई वारल्या; शेवटपर्यंत त्या चिटणीसच होत्या, दाखला आलेला नव्हता. पण माझा त्यांचा खरा निरोप झाला तो गाव सोडताना.

मी बालवाडीचं हजेरीपुस्तक त्यांच्या हवाली करायला गेले होते. बाहेर दमणी जुंपलेली होती, वडील हाका मारत होते. बाईंनी पुस्तक घेतलं, पानं चाळली, 'अक्षर सुधारलं तुहं' म्हणाल्या. मला राहवलं नाही.

"बाई, येक इच्यारू? बीडीओ साहेबानं सांगतलं होतं तवा. तुमी मले येकडावही काहून नाही म्हनलं, की तू सही कर?"

या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

"कसं म्हनू वं? म्हनलं असतं, तं तू हो म्हनली असती. तुह्या मायनं डबा भरून ठेवला होता, मले माहीत नव्हतं काय? तू पडली भोळी. मी शबद टाकला असता, अन् तू त्याच पावली राजीनामा लिहून देला असता. मंग मी तिकडं कुलूप लावून निजली असती, अन् तू इथं."

त्यांना ते अगदी खरं वाटत होतं. तीन वर्षं त्या माझ्याबद्दल हेच धरून चालल्या होत्या, आणि याच भरवशावर गप्प राहिल्या होत्या.

वडिलांनी पुन्हा हाक मारली. मी वाकून त्यांच्या पाया पडले, म्हणजे तोंड दिसू नये.

"हो बाई," मी म्हटलं. "म्हनली असती."